जुन्या ज्यू कब्रस्तानाची साफसफाई करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

कोलशेतकर

नमस्कार मंडळी,

ठाणे परिसरातल्या एका जुन्या ज्यू कब्रस्तानासाठी स्वयंसेवकांचा एक दिवस ठरवतोय. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ट्रस्टची परवानगी तोंडी मिळाली आहे, लेखी अजून यायची आहे. अडीचशेच्या आसपास थडगी आहेत. काही काळ्या पाषाणाची, काही संगमरवरी पाटीची, तर काहींना नुसता चुन्याचा ओटा. घाणेरी आणि रानमोडी कमरेपर्यंत वाढली आहे. चार थडग्यांतून पिंपळ आलाय, पंधरा-वीस पाट्या कलल्या किंवा आडव्या पडल्या आहेत. पावसात मागच्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी साचतं.

चाळीस जण यायला तयार आहेत. सध्याचा बेत असा: मे महिन्यातला एखादा शनिवार धरायचा, गवत जाळून जागा मोकळी करायची, दगड सौम्य अॅसिडने धुवायचे, पुसट अक्षरं काळ्या ऑइल पेंटने उठावदार करायची, पडलेल्या पाट्या सिमेंटमध्ये बसवायच्या. साहित्य किती लागेल आणि क्रम कसा ठेवावा, जाणकारांनी सांगावं. काही चुकत असेल तर तेही स्पष्ट सांगा.

शनवारतेली

कोलशेतकर, मनापासून धन्यवाद. पहिली दुरुस्ती दिवसाची: शनिवार नको. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, कब्रस्तान बंद असतं, तिथे कामही होत नाही आणि दर्शनालाही कोणी जात नाही. कोकणात बेने इस्रायलींना, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंना, 'शनवार तेली' म्हणत ते याचसाठी, तेल गाळायचा घाणा शनिवारी बंद असायचा. रविवार धरा. सणांच्या तारखा ट्रस्टकडून विचारून घ्या, पेसाह सणाचा आठवडा आणि तिश्री महिन्यातले सण टाळा.

दुसरं, तिथलं गवत. शुल्हान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात स्पष्ट सांगितलंय: कब्रस्तानात गुरं चारू नयेत, तिथून पाण्याचा पाट नेऊ नये, तिथलं गवत गोळा करून स्वतःच्या उपयोगाला लावू नये. कापलेलं गवत तबेलेवाल्याला देऊन टाकू नका, मग तो ते फुकट न्यायला तयार असला तरी.

आत खाणंपिणं नाही. डोकं झाकलेलं असावं. बाहेर पडताना हात धुतात, तेव्हा फाटकापाशी पाण्याची बादली आणि तांब्या ठेवा.

चुनखडी

बेतातल्या पाच कामांपैकी चार कामं दगडाला कायमची इजा करणारी आहेत. रागावून लिहीत नाही, बहुतेक सगळे गट याच बेताने सुरुवात करतात.

अॅसिड: संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हायड्रोक्लोरिक अॅसिड, म्हणजे संडास धुवायच्या बाटलीत असतं तेच, त्याला अक्षरशः खातं. फेस येतो तो मळ निघाल्याचा नसतो, पाटी विरघळल्याचा असतो. पॉलिश जातं, पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होतो, बोट फिरवलं की कण सुटतात. अशा दगडात पुढच्या पावसात शेवाळ दुप्पट धरतं. काळा पाषाण अॅसिडला लगेच दाद देत नाही, पण अॅसिड सांध्यातल्या चुन्यात उतरतं आणि मागे क्षार राहतात. ब्लीचिंग पावडरही त्याच कारणासाठी नको.

आग: तापलेला दगड पापुद्रे सोडतो. गवताची आग थडग्याच्या पायथ्याशीच सर्वात जास्त तापते आणि जमिनीलगतची शेवटची ओळ तिथेच असते.

सिमेंट: ते जुन्या दगडापेक्षा आणि चुन्यापेक्षा टणक असतं आणि पाणी बाहेर सोडत नाही. जमिनीतली ओल सिमेंटमधून वाट न मिळाल्याने दगडातूनच वर चढते, सोबत क्षार आणते, आणि दगड सिमेंटच्या कडेपासून वर वीतभर फुटत जातो. सिमेंटच्या खोबणीत बसवलेली पाटी मोडते ती बरोब्बर त्या रेषेवर.

पेंटबद्दल दुसऱ्या कोणी लिहावं, मला ते लिहिताना त्रास होतो.

ताव_रेश

पेंटबद्दल मी लिहिते. हिब्रू न येणारा रंगारी अक्षर वाचत नाही, जे दिसतं त्यावर ब्रश फिरवतो. हिब्रूत दालेत आणि रेश यांच्यात फरक फक्त कोपऱ्याचा: दालेतचा कोपरा धारदार आणि मागे जरासा बाहेर आलेला, रेशचा गोल. पण हिब्रूत अक्षरंच आकडे म्हणून वापरतात, आणि दालेत म्हणजे ४, रेश म्हणजे २००. 'हे' आणि 'हेत' या अक्षरांत फरक एका फटीचा: 'हे'चा डावा पाय छतापासून सुटलेला असतो, 'हेत'चा चिकटलेला. 'हे' म्हणजे ५, 'हेत' म्हणजे ८. ब्रशच्या एका फटकाऱ्यात माणसाचं मृत्यूचं साल बदलतं. पेंट वाळला की खालची मूळ खाच भरून जाते आणि पुढचा वाचणारा पेंटच वाचतो.

साल कसं वाचायचं ते सांगते, सर्वांना उपयोगी पडेल. हिब्रू सालात हजाराचा ५ बहुधा लिहीत नाहीत. उरलेल्या अक्षरांची बेरीज करायची आणि त्यात १२४० मिळवायचे, की इसवी सन आलं. ताव ४००, रेश २००, नून ५०, एकूण ६५०, म्हणजे ५६५०, म्हणजे १८९०. मात्र हिब्रू वर्ष तिश्रीत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, सुरू होतं. मृत्यू तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर १२३९ मिळवायचे.

यातून एक सोपी खूण मिळते: १८३९च्या पावसाळ्यानंतरपासून १९३९च्या पावसाळ्यापर्यंतचं साल 'ताव रेश' ने सुरू होतं. त्यानंतर 'ताव शिन', म्हणजे ७००. पाटी किती जुनी ते लांबूनच कळतं.

पाथरवट

+१. आणखी एक सांगतो. संगमरवरी पाटीवर शिशाची अक्षरं असतील तर ती पडली म्हणून मजकूर गेला असं समजू नका. शिसं धरून ठेवायला प्रत्येक अक्षरात बारीक भोकं पाडलेली असतात. अक्षर गळून पडलं तरी भोकांची रांग राहते आणि तीवरून अक्षर लागतं. सफाईत कोणी ती भोकं 'मळ बसलाय' म्हणून पुट्टीने बुजवली तर सगळं संपलं. मातीत शिशाची अक्षरं सापडली तर पाटीच्या क्रमांकासह पाकिटात ठेवा.

घोडबंदरी

वेगळं मत मांडतो. इतके नियम ऐकून चाळीस माणसं घरीच बसतील. कब्रस्तान झाडाझुडपात हरवलं की अतिक्रमणाला आमंत्रण असतं. भिंतीलगत आधी राडारोडा पडतो, मग हातगाड्या, मग शेड. परिपूर्ण संवर्धनाची वाट बघत बसण्यापेक्षा जागा वापरात, डोळ्यांसमोर आलेली बरी. अॅसिड नको हे मान्य, पण निदान गवत काढा, फाटक रंगवा, पाटी लावा.

चुनखडी

घोडबंदरी, तुमच्या मुद्द्याशी भांडण नाहीच. जागेवर माणसांचा वावर हीच पहिली राखण. म्हणून चाळीस माणसांना दगडापासून लांबची कामं द्या, ती भरपूर आहेत: राडारोडा, फाटक, भिंत, पायवाट, पाण्याची वाट, फोटो, नोंदी. दगडाला हात लावणारे चार-पाचच असावेत, तेही शिकलेले.

मिळकतपत्रिका

अतिक्रमणाचा विषय निघाला म्हणून कागदांचं सांगतो, कोयता हातात घेण्याआधी हे बघा.

सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका, नसेल तिथे सातबारा. धारकाच्या रकान्यात ट्रस्टचं नाव आहे का? क्षेत्र जागेवरच्या भिंतीशी जुळतं का? जुळत नसेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करून हद्दीच्या खुणा घालून घ्या. मग विकास आराखड्यात ती जागा दफनभूमी म्हणून दाखवली आहे का, की रस्तारुंदीची रेषा आतून गेली आहे, ते तपासा. झोन दाखला महापालिकेकडून मिळतो.

ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकचा उतारा काढा आणि ही जमीन ट्रस्टची मालमत्ता म्हणून त्यात चढलेली आहे का बघा. जुने विश्वस्त वारले किंवा इस्रायलला गेले आणि सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खालचे बदल अर्ज दाखलच झाले नाहीत, हा नेहमीचा घोळ. मग सही कोणाची चालणार यावर सगळं अडतं. कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, हे शेजारच्या बिल्डरलाही माहीत असलेलं बरं.

दफनाच्या जागेत घुसून विटंबना करणं हा गुन्हा आहे. पूर्वी दंडसंहितेचं कलम २९७ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ३०१. फाटकावरच्या फलकावर ही एक ओळ लिहा.

झाडपाला

पिंपळाकडे वळू. उपटू नका. भिंतीत किंवा ओट्यात शिरलेलं पिंपळाचं मूळ बाहेर ओढलं की ते दगडही सोबत घेऊन येतं. मूळ दगडांना फोडतं हे खरं, पण काही काळानंतर तेच त्यांना धरूनही ठेवतं.

बोटाएवढं रोप असेल तर बुंध्याशी करवतीने कापायचं आणि पाच मिनिटांच्या आत ताज्या कापावर ग्लायफोसेट हे तणनाशक ब्रशने लावायचं. उशीर झाला तर काप कोरडा पडतो आणि औषध आत जात नाही. मेलेलं मूळ जागच्या जागी राहू द्या, वर्षभराने सुकून सैल होतं, तेव्हा पोकळी चुन्याने भरा. मनगटाहून जाड असेल तर फांद्या उतरवून वजन कमी करा आणि बुंध्याचं काम तज्ज्ञावर सोडा. २०२२च्या अधिसूचनेनुसार ग्लायफोसेट कीटकनियंत्रणाचा परवाना असलेल्याकडूनच वापरून घ्यावं लागतं, तेव्हा एक परवानाधारक त्या दिवशी बोलवा.

मीठ, मोरचूद, हिंग हे घरगुती उपाय थडग्यावर नकोत. मीठ दगडात उतरतं आणि दर हिवाळ्यात स्फटिक होऊन पापुद्रे उडवतं. मोरचुदाचे हिरवे डाग निघत नाहीत.

मोठ्या झाडांची फांदी तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५चा कायदा. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं वारसावृक्ष धरतात. कब्रस्तानातला जुना आंबा किंवा चिंच बहुधा त्यात बसते, तिला हात लावू नका.

घाणेरी आणि रानमोडी मुळासकट काढली तर ठीक, पण कुदळ फक्त पायवाटेवर. थडग्याच्या दोन फुटांच्या आत कोयत्याने जमिनीपासून चार बोटं वर कापा. ग्रास कटर दगडाजवळ अजिबात नको, त्याची नायलॉन दोरीसुद्धा संगमरवराच्या कडेला खाचा पाडते.

खारीगाव

मग कापलेल्या गवताचं करायचं काय? बाहेर न्यायचं नाही, जाळायचं नाही.

शनवारतेली

जुनी रीत तिथल्या तिथे जाळण्याची आहे, जागेच्या मानासाठी. पण आज उघड्यावर पालापाचोळा जाळायला घनकचरा नियमांत मनाई आहे, आणि आगीने दगडांचं काय होतं ते वर आलंच आहे. हद्दीच्या आत, जिथे दफन झालेलं नाही अशा कोपऱ्यात खताचा ढीग करा, खड्डा नको. ते खत तिथल्याच झाडांना घाला. हज्जनना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, आधी विचारून घ्या. माझ्या मते त्यांची हरकत नसेल, कारण बाहेरच्या कोणाचा फायदा होत नाही.

खारीगाव

छान, म्हणजे गवताचीही मालकी कब्रस्तानाकडेच राहिली. वाचनखूण साठवली.

पाथरवट

साचणाऱ्या पाण्याकडे अजून कोणी वळलं नाही. दगड धुण्याआधी ते बघा, कारण थडगी कलतात ती बहुतेक त्यामुळेच.

ठाण्यात रस्ता दर वेळी वरून थर देऊन केला की वीतभर वर येतो, कॉंक्रिटचा झाला की आणखी. कब्रस्तानाची जमीन जुन्या पातळीवरच राहते आणि जागेची वाटी होते. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. काळी चिकणमाती पावसात फुगते, मे महिन्यात भेगाळते. या फुगण्या-आटण्यात पाटीचा पाया एका अंगाला बसतो.

उपाय साधा: कंपाउंड भिंतीच्या आतल्या बाजूने उथळ चर, दर शंभर फुटांना एक फूट उतार, खोली कुठेही फुटाच्या वर नाही, तळाशी खडी. बाहेरची जमीन खाली असेल त्या बाजूच्या भिंतीत दर सहा फुटांवर चार इंची पाइप पाणी बाहेर जायला. पाइपाच्या आतल्या तोंडाला जाळी, नाहीतर पहिल्याच पावसात पाल्याने बुजतं.

शनवारतेली

पाथरवट, पाण्याच्या पाटाची मनाई मी वर लिहिलीच आहे. चर थडग्यांच्या रांगांमधून जाता कामा नये.

पाथरवट

बरोबर, म्हणूनच भिंतीलगत. पण जुन्या कब्रस्तानात भिंतीला टेकून लहान मुलांची थडगी असतात, दोन फूट लांबीचे बुटके ओटे, गवतात दिसतही नाहीत. चर आखण्याआधी तो पट्टा हाताने साफ करून बघा. तिथे थडगी असतील तर चर सोडून द्या. त्या बाजूला भिंतीतली भोकं जमिनीच्या पातळीवर पाडा आणि माती भरून जमिनीलाच भिंतीकडे उतार द्या. माती घालायला हरकत नसते, काढायला असते.

शनवारतेली

हे चालेल. तुम्ही नेमकं लिहिलंत, माती काढणं हाच कळीचा मुद्दा आहे. थडग्याच्या आत खणणं कोणत्याही कारणासाठी नाही.

कोनातला_उजेड

फोटोंचं माझ्याकडे. कोयता लागण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा.

प्रत्येक थडग्याला क्रमांक, पण दगडावर खडू नाही, पेंट नाही, स्टिकर नाही. रांगांना अ, आ, इ, थडग्यांना १, २, ३. पाटीवर लिहून ती पाटी फोटोत दगडाशेजारी ठेवायची, एक फुटपट्टी सोबत. दर थडग्याचे कमीत कमी पाच फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, आणि अक्षरांचा जवळून. मागची बाजू लोक विसरतात. कधी हिब्रू एका बाजूला आणि मराठी दुसऱ्या बाजूला असतं.

पुसट अक्षरांसाठी खडू, पीठ, शेव्हिंगचा फेस काहीही चोळू नका. घरातला आरसा, साधारण एक बाय तीन फुटांचा, घेऊन एकाने बाजूला उभं राहायचं आणि ऊन पाटीवर जवळजवळ समांतर, अगदी तिरकं पाडायचं. खाचेत सावली पडते आणि कोरी दिसणारी पाटी बोलायला लागते. आरसा सावकाश फिरवायचा, उभ्या रेघा एका कोनात दिसतात, आडव्या दुसऱ्या कोनात. प्रत्येक कोनाचा वेगळा फोटो. ढगाळ दिवशी काळी चादर आणि टॉर्च.

काळ्या पाषाणाला आणखी एक युक्ती: नुसत्या पाण्याचा फवारा मारून थांबायचं. पृष्ठभाग आधी वाळतो, खाचेत ओल दोन-तीन मिनिटं जास्त टिकते. तेवढ्यात अक्षर ओलं काळं उठून दिसतं.

कोलशेतकर

सगळ्यांचे आभार, बेत फाडून टाकलाय. काल फक्त आरसा नेला आणि एका पाटीवर ताव_रेश यांची पद्धत वापरून बघितली. मदत हवी आहे.

काळा पाषाण, वरचा उजवा कोपरा गेलेला. आधी कोणीतरी पांढऱ्या पेंटने अक्षरं भरलेली. मराठी ओळीत '…जी …ळकर', खाली 'ता. ३ फे… गुरुवार सन १८९', शेवटचा आकडा उडालाय. हिब्रूत 'योद आलेफ', मग 'शेवात' हा महिना, आणि साल पेंटमध्ये ताव, रेश, नून, 'हे'. म्हणजे ६५५, अधिक १२४०, १८९५. बरोबर?

ताव_रेश

पद्धत बरोबर, उत्तर तपासावं लागेल. योद आलेफ म्हणजे ११, तर ११ शेवात. ५६५५ साली शेवातची पहिली तारीख २६ जानेवारी १८९५ला, शनिवारी होती. ११ शेवात म्हणजे ५ फेब्रुवारी, मंगळवार. तुमची मराठी ओळ म्हणते ३ तारीख, गुरुवार. जुळत नाही.

आता शेवटचं अक्षर 'हेत' धरा. ६५८, म्हणजे १८९८. त्या वर्षी शेवातची पहिली तारीख २४ जानेवारीला, सोमवारी. ११ शेवात म्हणजे ३ फेब्रुवारी, गुरुवार. दोन्ही खुणा बसल्या. आरसा उजवीकडून धरून शेवटच्या अक्षराचा डावा पाय बघा, वर छताला लागलेला आहे का.

कोलशेतकर

लागलेला आहे! पेंट तिथे तुटक आहे, पण खाच अखंड वरपर्यंत जाते. हेत. १८९८.

कोनातला_उजेड

टाळ्या. फोटोंची फाइल 'आ-१७' वगैरे क्रमांकानेच ठेवा, सालाने नाही. कारण आत्ताच कळलं.

मोडीलिपीप्रेमी

अवांतर: १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला आणि पुढची काही वर्षं इलाखाभर राहिला. १८९७ ते १८९९ची थडगी एका रांगेत जास्त दिसली तर नोंद करा. एकट्या पाटीवरून मात्र मृत्यूचं कारण लिहू नका.

ताव_रेश

मोडीलिपीप्रेमी, हे महत्त्वाचं. आणखी तीन गोष्टी नोंदवणाऱ्यांसाठी.

एक, ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्री मृत्यू झाला असेल तर हिब्रू तारीख आणि पालिकेच्या नोंदीतली तारीख यांत एका दिवसाचा फरक येईल. तो फरक 'दुरुस्त' करू नका, दोन्ही जशाच्या तशा लिहा.

दोन, १५ आणि १६ हे आकडे योद-हे, योद-वाव असे लिहीत नाहीत, कारण ती देवाच्या नावातली अक्षरं. तेत-वाव आणि तेत-झायिन लिहितात. तसंच ५६९८ साल, म्हणजे १९३७-३८, सरळ लिहिलं तर त्या अक्षरांचा शब्द 'खून करशील' असा वाचला जातो, म्हणून शेवटची दोन अक्षरं बहुधा उलटी मांडलेली दिसतात. ती पाथरवटाची चूक नाही.

तीन, नावं. हिब्रू ओळीत शेमुएल बेन येहेज्केल आणि मराठी ओळीत समाजी हसाजी असेल तर ती दोन माणसं नव्हेत. समाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल. मुंबईत १७९६ साली शाआर हारहमीम हे सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) बांधणारे सामुएल इझिकेल दिवेकर म्हणजेच समाजी हसाजी दिवेकर. तसंच इसाजी म्हणजे इसहाक, अबाजी म्हणजे अब्राहम, मुसाजी म्हणजे मोशे. तुटलेल्या आडनावाला गावांची यादी लावून बघा: किहीमकर, झिराडकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर, आष्टमकर. अष्टागर आणि जुन्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याचा नकाशा शेजारी ठेवला की अर्धी आडनावं लागतात. मात्र '…ळकर' सारख्या ठिकाणी अंदाज कंसात, प्रश्नचिन्हासह.

वर 'पे नून' आणि शेवटी ताव-नून-सादे-बेत-हे दिसतील. पहिलं म्हणजे 'इथे विसावले आहेत', दुसरं शमुवेलाच्या पुस्तकातल्या 'तुझा प्राण जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो' या वचनाची आद्याक्षरं. ही सापडली की दगडाची वरची आणि खालची बाजू कळते. तुकडे जुळवताना फार कामाचं.

घोडबंदरी

मान गये. मी साफसफाईवर अडलो होतो, इथे दगड वाचता येतोय. पडलेल्या पाट्यांचं काय करायचं? त्या पावसात तोंडघशी पडून राहणं तर वाईटच ना?

चुनखडी

तोंड खाली असेल तर अक्षरं उलट जास्त सुरक्षित असतात, घाई नाही. तोंड वर असेल तर तिच्यावर पाणी साचू नये म्हणून एका अंगाखाली दोन इंची लाकडी ठोकळा सरकवा, बस.

उभी करायची असेल तर: तीन फूट बाय दोन फूट, चार इंच जाड काळ्या पाषाणाची पाटी दीडशे-एकशेसाठ किलो भरते. चार जणांनी 'हैया' करून उचलायची वस्तू नाही. तिवई, एक टनाची चेन पुली, रुंद नायलॉनचे पट्टे. तारेचा दोर नाही, कड तोडतो. उचलण्याआधी बोटाच्या पेराने टकटक करून बघा. घण्ण वाजली तर ठीक, भद्द वाजली तर आत पापुद्रा सुटलाय, तिला हलवू नका.

जुन्या खोबणीतली सैल मातीच काढा, खोबणीच्या खाली किंवा बाहेर नाही. तळाला तीन इंच खडी, बाजूंनी खडी-वाळू ठोकून. उंचीचा एक तृतीयांश भाग जमिनीत. कॉंक्रिट नाही. मोठी दुभंगलेली पाटी असेल तर तुकडे एकत्र, छपराखाली, लाकडी पट्ट्यांवर ठेवा, जोडकाम संवर्धकाकडून. सांध्यातले जुने लोखंडी काटे गंजून फुगतात आणि दगड फोडतात. ते बदलायचे तर स्टेनलेस ३१६.

ओट्याच्या दुरुस्तीसाठी १ भाग मुरलेला चुना, १ भाग सुर्खी (विटेची पूड), २ भाग धुतलेली वाळू. चुना भिजवून निदान तीन महिने पाण्याखाली मुरू द्या, म्हणजे नोव्हेंबरच्या कामासाठी आत्ताच भिजवा. खाडीची रेती नको आणि खाडीजवळच्या बोअरचं पाणीही नको, दोन्हींत मीठ. काम झाल्यावर ओलं गोणपाट दहा-बारा दिवस.

लोणा फुटलेल्या दगडाला रद्दी कागदाचा साध्या पाण्यातला लगदा सेंटिमीटरभर जाड थापा, वाळून गळाला की टाकून द्या, पुन्हा दोनदा करा. मीठ कागदात येतं.

खारीगाव

आणि दगड धुवायचेच नाहीत का कधी?

चुनखडी

धुवायचे, पावसानंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेच्या उन्हात पाणी दगडावर टिकत नाही आणि मळ पुन्हा जागच्या जागी वाळतो. आधी तळहाताएवढ्या जागेवर, मागच्या बाजूला करून बघा. दगड भरपूर भिजवा. शेवाळ आणि दगडफूल अर्धा तास ओलं राहू द्या, मग बांबूच्या चपट्या पट्टीने काढा. मऊ केसांचा ब्रश, खालून वर, म्हणजे खालच्या कोरड्या दगडावर मळक्या पाण्याचे ओघळ उठत नाहीत. तारेचा ब्रश नाही, प्रेशर वॉशर नाही. कण सुटत असतील तर तो दगड धुवायचाच नाही. काळेपणा थोडा राहिला तर राहू द्या, नवा कोरा दिसणं हे उद्दिष्ट नाही.

झाडपाला

आणि मेमध्ये गवतात घोणस, फुरसं. पूर्ण बूट, काठी, आणि सर्पमित्राचा नंबर फाटकावर.

कोलशेतकर

नवा बेत, चुकलं तर सांगा.

मेचा रविवार: दहा जण राडारोडा आणि फाटक, बारा जण पायवाटा आणि भिंतीलगतचा पट्टा हाताने, आठ जण आरसे आणि फोटो, सहा जण नोंदी, परवानाधारकासोबत दोघं चार पिंपळांवर, दोघं फाटकापाशी पाणी, प्रथमोपचार आणि येणाऱ्यांची यादी. दगडाला पाणी नाही, ब्रश नाही. भिंतीतले पाइप जूनआधी गवंडी बसवेल. चुना याच आठवड्यात भिजत घालतो. मिळकत पत्रिकेचा अर्ज उद्या, ट्रस्टच्या सहीने.

नोंदवहीचे रकाने: क्रमांक, दगडाचा प्रकार, मोजमाप, मजकूर मराठी, हिब्रू, इंग्रजी जसा आहे तसा, वाचणाऱ्याचं नाव, अंदाज वेगळ्या रकान्यात.

शनवारतेली

चांगला बेत. एक रकाना वाढवा: सिनेगॉगच्या दफन नोंदवहीतला अनुक्रमांक. ठाण्याचं शाआर हाशामाइम १८७९चं, पनवेलचं बेथ एल १८४९चं. जुन्या वह्या असतील तर विश्वस्तांच्या समोर बसून ताडून बघा, फोटो मात्र त्यांच्या परवानगीनेच. आणि यादी तयार झाली की एक प्रत लोद, रामला, अश्दोद, दिमोना इथल्या बेने इस्रायली मंडळांना पाठवू. तिथले लोक पणजोबांचं थडगं विचारत असतात आणि इथून रांग-क्रमांक सांगायला कोणी नसतं.

ताव_रेश

मी रविवारी येते, आ-१७ पासून सुरू करू. मोठा आरसा कोणाकडे आहे?

खारीगाव

कपाटाच्या दाराचा चालेल का? साडेतीन फुटी आहे, बिजागऱ्या काढून आणतो.

कोनातला_उजेड

चालेल. कडांना चिकटपट्टी लावून आणा, हात कापतो.